आमच्या व्याह्यांची बेगमी

मुंबईत उंदीर दिसला की माणूस चप्पल शोधतो. आमचे व्याही उंदरांच्या खोलीत शिरताना चप्पल बाहेर काढून ठेवत, देवळाबाहेर काढतात तशी, जोडीने, टाचा भिंतीकडे करून. उंदराच्या जातीला इतका मान देणारा दुसरा माणूस अख्ख्या मुलुंड-भांडुपात झाला नाही, हे मी कुठेही उभा राहून सांगेन. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातही चौथीत दोनदा बसलो. लिहिण्यात काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या म्हणायची रीत आहे. मी तसं म्हणणार नाही. जे लिहितोय ते मी डोळ्यांनी बघितलंय, आणि डोळ्यांना शाळा लागत नाही.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. मुलुंडला औषधाच्या एका कंपनीत आम्ही दोघं कामाला. मी बॉयलरवर, आणि बॉयलरला लागून जी भट्टी होती तीही माझ्याच ताब्यात. औषधं आधी जनावरांवर बघतात, त्यामुळे कंपनीत प्राणिघर होतं. तिथला वापरलेला भुसा आणि मेलेली जनावरं माझ्या भट्टीत यायची. काम हलकं समजू नका. माझ्या भट्टीतून निघायची ती राख कपाळाला लावावी इतकी चोख असायची. हाडाचा तुकडा दाखवा आणि माझा पगार घेऊन जा, असं मी साहेबालाही सांगितलं होतं. व्याही प्राणिघरात होते. म्हणजे मी शेवटच्या टोकाला आणि ते पहिल्या टोकाला. मधे डॉक्टर लोक. ते मालवणकडचे, आम्ही राजापूरचे. त्यांचा मुलगा आयटीआय झालेला, माझी मुलगी दहावी, आणि दोघांची जात-पात, भाषा, भूक सगळं जुळणारं, म्हणून सोयरीक झाली.

प्राणिघरात पांढरे उंदीर, गिनीपिग, ससे असे सगळे होते, पण व्याह्यांचा जीव एकाच जनावरावर. हॅमस्टर. मुठीत मावेल एवढा, पिकल्या गव्हाच्या रंगाचा, शेपूट नावापुरती, कान कागदाचे केल्यासारखे. व्याही त्याला शेतकरी म्हणत. बाकीचे सगळे चाकरमानी, दिलं ते खाल्लं आणि पडून राहिले. हा एकच शेतकरी, असं त्यांचं मत. कारण या प्राण्याच्या दोन्ही गालांत आतून थेट खांद्यापर्यंत पिशव्या असतात. दाणे दिले की तो खात नाही, आधी गालात भरतो, तोंड हंड्याएवढं करून कोपऱ्यात जातो, पुढच्या पायांनी गाल दाबून सगळं ओततो, परत येतो. एकदा कँटीनमध्ये हे कसं चालतं ते दाखवायला व्याह्यांनी दोन्ही गालांत मिळून अर्धी भाकरी कोंबली. आत गेली ती गेली, बाहेर येईना. डोळे पांढरे झाले. कँटीनवाल्याने पाठीत चार गुद्दे घातले तेव्हा सुटका झाली. दम खाऊन ते पहिलं वाक्य काय बोलले असतील? "बघा, आपल्याक जमता काय?"

शेतकरी दिवसा झोपतो आणि अंधार पडला की कामाला लागतो. त्यामुळे दिवसभर त्याच्या खोलीत दबक्या आवाजात बोलायचं, पाय न वाजवता चालायचं, दार हाताने धरून लावायचं. वीस वर्षं असं वागून व्याह्यांचा आवाजच बसला होता. घरीसुद्धा ते बायकोला पाणी असं मागत की जणू भिंतीपलीकडे आजारी माणूस निजलंय. मुलाच्या लग्नात बँड ठरवला होता माझ्या खर्चाने, पंधरा माणसांचा. व्याह्यांनी बँडवाल्याला बाजूला घेऊन काही सांगितलं आणि तो बँड मांडवापासून दोनशे पावलांवर, गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन वाजवू लागला. आमच्या मंडळींना वाटलं शेजारी दुसरं लग्न आहे. मी मुलीचा बाप, गप्प बसलो. पण मनात ठेवलं.

एका पिंजऱ्यात एकच शेतकरी. दोन ठेवले की रक्त निघेपर्यंत भांडतात. "एका बिळात एक. दुसरो इलो की भाऊबंदकी," व्याही सांगत. त्यांचं स्वतःचं गावचं घर दोन भावांत उभं चिरलेलं होतं, मधली भिंत देवघरातून गेली होती. त्यामुळे या विषयात त्यांना पुस्तकाची गरज नव्हती.

आता त्यांची मुख्य सवय सांगतो. कंपनीचा नियम असा की पिंजरा आठवड्यातून दोनदा पूर्ण रिकामा करायचा, धुवायचा, नवा भुसा, नवे दाणे. कोपऱ्यात शेतकऱ्याने जमवलेला साठा दिसला की घाण म्हणून फेकायचा. व्याह्यांच्या आधी असं केलं की पिल्लं झालेली मादी बिथरायची आणि स्वतःची पिल्लं खाऊन टाकायची. डॉक्टर लोक त्यावर कागद लिहीत बसले होते. व्याह्यांनी कागद बघितला नाही. त्यांनी इतकंच केलं की पिंजरा धुऊन झाला की जुन्या साठ्यातले मूठभर दाणे आणि चिमूटभर जुना भुसा त्याच कोपऱ्यात परत ठेवायचा. आमच्याकडे कोकणात भाताची कणगी कधी तळापर्यंत खरवडत नाहीत. नवं भात येईपर्यंत मूठभर जुनं राहायलाच हवं, नाहीतर घर बसतं म्हणतात. पिल्लं वाचू लागली. सुपरवायझरला जुना दाणा सापडला तेव्हा त्याने व्याह्यांना लेखी विचारणा केली. व्याही उत्तर द्यायला स्वतः गेले आणि त्या दबक्या आवाजात म्हणाले, "साहेब, कणगी झाडून कोण रिकामी करता?" सुपरवायझर नागपूरकडचा. त्याला कणगीही कळली नाही आणि उत्तरही. पण पिल्लांचा आकडा वाढत होता, तेव्हा तो गप्प बसला.

माझी मुलगी बघायला आले तेव्हा या गृहस्थांनी तिला ना शिवण विचारलं ना स्वयंपाक. पोहे संपवून म्हणाले, "बाय, डब्यातले तांदूळ संपत इले की तू काय करतंस?" मुलगी म्हणाली, तळाशी मूठभर ठेवते आणि वरून नवे ओतते, आई तसंच करते. व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि बायकोकडे बघून मान हलवली. झालं लग्न. माझ्या मुलीची परीक्षा उंदराच्या रीतीने घेतली हे मला फार नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

आमच्या कंपनीत परदेशात शिकून आलेल्या एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी एकदा जाता जाता व्याह्यांना सांगितलं की जगभरात जेवढे असले हॅमस्टर पिंजऱ्यात आहेत, त्यांची सगळ्यांची मूळ आई एकच. सिरिया नावाच्या देशात पन्नासेक वर्षांपूर्वी गव्हाच्या शेतातून एक बीळ खणून काढलं, त्यात आई आणि तिची पिल्लं होती. त्यातली जी जगली त्यांची ही सगळी प्रजा. आणि तिथे रानात? तिथे फार क्वचित दिसतात, बाई म्हणाल्या. तेवढ्याच एका पट्ट्यात राहतात, तो सगळा शेतीचा. शेतकरी त्यांना पिकाचे चोर समजून विष घालतात, बिळात पाणी सोडतात. किती उरलेत ते कोणी मोजलेलं नाही.

बाईंना वाटलं आपण एक माहिती दिली. व्याह्यांचा चेहरा उतरला तो चार दिवस तसाच. जेवणाच्या सुट्टीत भट्टीपाशी येऊन बसले आणि म्हणाले, "हय पिंजऱ्यात शेकड्यान आसत. आणि ह्यांच्या गावाक कोण उरूकच नाय?" मी म्हटलं, अहो, आपल्यातल्या अर्ध्या घरांचं तेच आहे, कुलूप बघायला गणपतीत जातो आपण. ते म्हणाले, आपण कुलूप लावून येतो, चावी आपल्याकडे असते. यांची चावी कोणाकडे?

त्यानंतर त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कोणाला सुचलं नसतं. त्यांच्या भांडुपच्या चाळीतला एक वेल्डर तेव्हा कुवेतला निघाला होता. त्या काळात दर चाळीतून एकजण आखातात जायचा. त्याच्या आईने त्याला लोणचं दिलं, बायकोने फोटो दिला, आणि आमच्या व्याह्यांनी डॉक्टरबाईंकडून काढून घेतलेलं हॅमस्टरचं चित्र दिलं. गव्हाचं शेत दिसलं की बांधावरून चाल, ताज्या मातीचा ढीग दिसला की थांब, बिळं किती ती मोज आणि कळव. आखात म्हणजे सगळं एकच गाव अशी त्यांची समजूत. चार महिन्यांनी वेल्डरचं पत्र आलं: काका, इथे वाळू आणि सिमेंट याशिवाय काही नाही, गहू बोटीतून येतो, शेत कुठे आहे विचारलं तर लोक हसतात. सिरिया लांब आहे, मधे दुसरा देश लागतो. हे पत्र व्याह्यांनी मला वाचायला लावलं, नीट घडी घातली आणि म्हणाले, "चला, एक देश बघून झालो."

सिरिया हाताशी नव्हतं, तेव्हा रविवारी ते मुलुंड पूर्वेला खाडीकडे जाऊ लागले. तिथे तेव्हा थोडी भाताची खाचरं शिल्लक होती. मलाही ओढून नेलं. शेतातल्या उंदरांची बिळं दाखवली, तोंडाशी ताजी माती कशी असते, आत लोंब्या कशा रचलेल्या असतात, पाणी भरलं तर पळायला वरच्या अंगाला दुसरं तोंड कसं ठेवतात, सगळं. मी म्हटलं, उंदीर तो उंदीर, यात बघायचं काय. पण बघितलं. पुढच्या वर्षी गेलो तर खाचरात खुंट्या ठोकलेल्या आणि गृहनिर्माण संस्थेची पाटी. व्याह्यांनी खुंट्या एकेक करून मोजल्या. "आपल्याक निदान नोटीस देतत," ते म्हणाले. "ह्यांका कोण देता?"

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी लिहायला बसलो.

एका डिसेंबरात व्याही गावच्या जत्रेला पंधरा-वीस दिवस रजेवर गेले. मागे प्राणिघराचं छत गळायला लागलं म्हणून दुरुस्ती काढली आणि हॅमस्टरचे पिंजरे उचलून औषधं ठेवायच्या थंड खोलीत नेऊन ठेवले. बाहेरच्या भागात, पण तिथेही हाडं गारठायची, आणि दिवा फार थोडा वेळ. दोन-अडीच आठवड्यांनी सुपरवायझरने बघितलं तर सात हॅमस्टर थंडगार, ताठ. त्याने कार्डावर मेले म्हणून लिहिलं, पिशवीत घातले आणि सहीची चिठ्ठी लावून सकाळी माझ्याकडे पाठवले.

भट्टी तापलेली होती. मी दाराची कडी काढतोय एवढ्यात व्याही दारात. एसटीतून उतरून थेट आलेले, एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात जत्रेचा नारळ. प्राणिघरात पिंजरे कमी दिसले तसे धावत आले होते. आल्या आल्या पिशवीत हात घालून त्यांनी एक बाहेर काढला, कानाशी धरला आणि म्हणाले, "ह्ये मेलेले नाय. निजले आसत."

मी म्हटलं, "व्याही, चिठ्ठी आली की माल परत जात नाही. आजवर गेला नाही."

"चिठ्ठी मेल्यांची आसा. जित्यांची खय आसा?"

"हात लावून बघा, लाकूड झालंय त्याचं."

त्यांनी ट्रंक खाली ठेवली आणि चप्पल काढली. माझ्या भट्टीसमोर. मग दबक्या आवाजात, समजुतीने बोलू लागले, जणू मी एक मोठा हॅमस्टर आहे. "व्याहीबुवा, मिरगाआधी आपण घरात तांदूळ भरतो, सुकी मासळी भरतो, लाकडा भरतो, आगोट म्हणतो तेका. कशाक? चार महिने भायर पडूक नको म्हणून. मग ह्यो जन्मभर गालान दाणे व्हावता तो कशाक? ह्येच्या मुलखात पण आगोट असतली. पावसाची नाय तर थंडीची. दार लावून निजाची ह्येका सवय असतली. इतकी बेगमी करणारो उगाच करीत नाय." मग त्यांनी तो गोळा माझ्या पुढ्यात धरला. नाक पोटात, पाय आत, सुपारीसारखा घट्ट. "मेलेला जनावर सुटता. ह्यो बघा कसो आवळून बसलोहा."

मला ते पटलं असं समजू नका. मी म्हटलं, "मांडवात तुमचं ऐकलं, बँड कोपऱ्यावर नेऊन उभा केलात. ही भट्टी आहे. इथे माझं चालतं."

"तुमचाच चालता," ते म्हणाले. "जेवणाच्या भोंग्यापर्यंत थांबा. मगे तुम्ही म्हणशात तसा."

मी थांबलो ते त्यांचा तोरा उतरवायचा म्हणून. भोंगा झाल्यावर सातही त्यांच्याच हाताने भट्टीत टाकायला लावीन असं मनाशी ठरवलं. बॉयलरच्या गरम नळाजवळ गोणपाट अंथरलं, सात गोळे ओळीने ठेवले आणि आम्ही दोघं व्याही समोर उकिडवे बसलो. अर्धा तास काही नाही. व्याह्यांनी एकाच्या पोटावर बोट ठेवायला सांगितलं. ठेवलं. ओढ्यातल्या गोट्यासारखं गार. मी बोट उचलणार तोच पोट एकदा वर आलं आणि खाली गेलं. मग पुन्हा काही नाही. मी मनात साठपर्यंत आकडे मोजले, पुढे आणखी मोजले, तेव्हा कुठे दुसरा श्वास आला.

तासाभराने पहिल्याच्या मिशा हलल्या. मग तो थरथरायला लागला, हिवताप भरल्यासारखा, आधी डोकं, मग पुढचे पाय, मागचा भाग अजून लाकूडच. डोळे उघडले. व्याह्यांनी खिशातला चणा पुढे केला, तर त्या डळमळत्या जिवाने तो खाल्ला नाही, गालात ठेवला. भोंगा होईपर्यंत पाच उठले. दोन उठले नाहीत. त्या दोघांना मी आणखी वेळ दिला, व्याह्यांनी मागितला नव्हता तरी. शेवटी व्याह्यांनीच ते ओंजळीत घेऊन भट्टीत ठेवले आणि दार मी लावलं.

सुपरवायझर तणतणत आला. चिठ्ठीवर सही असताना माल भट्टीत का गेला नाही, कोणाच्या हुकमाने थांबवला? व्याही तोंड उघडणार एवढ्यात मी म्हणालो, "साहेब, भट्टीच तापली नव्हती." तीस वर्षांत माझ्या भट्टीवर लावलेला एवढा एकच डाग, आणि तो मीच लावला.

त्या संध्याकाळी आम्ही फाटकाकडे चालत निघालो. मला एक आठवत होतं. तीन वर्षांपूर्वी, व्याह्यांना काही महिने सशांच्या खोलीवर घातलं होतं तेव्हा, असेच पिंजरे काही आठवडे थंड खोलीत गेले होते. माझ्याकडे एक पिशवी आली होती. अकरा. पिशवीतून काढताना हाताला लागले ते सगळे घट्ट, गोल, मोदक रचल्यासारखे. मी चिठ्ठी बघितली आणि कडी काढली. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे हे त्या दिवसापर्यंत मला माहीतच नव्हतं. चालता चालता मी व्याह्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की असे गोळा झालेले असले की सगळेच निजलेले असतात काय हो?

त्यांनी ट्रंक या हातातून त्या हातात घेतली. फाटकापाशी आलो, मी मुलुंडात राहायचो, त्यांना भांडुपला जायचं. त्यांनी जत्रेचा नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ती अकरा कार्डा माझ्याच कपाटात आसत. तुमका ठावक नव्हता, व्याहीबुवा." आणि ट्रंक उचलून गेले. म्हणजे हा माणूस ती कार्डं कपाटात ठेवून माझ्याकडे मुलगी मागायला आला होता.

दोन वर्षांनी कंपनीने हॅमस्टरवरचं काम बंद केलं. उरलेले पिंजरे दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेला दिले. टेम्पो आला तेव्हा व्याह्यांनी प्रत्येक खोक्यात जुन्या कोपऱ्यातला मूठभर दाणा घातला आणि ड्रायव्हरला सांगितलं, गाडी सावकाश घे, हॉर्न वाजवू नको. ड्रायव्हरने फाटकातच हॉर्न वाजवला. पुढे व्याही निवृत्त होऊन गावी गेले. कापणीच्या वेळी खाचराचा एक कोपरा उंदरांसाठी उभा ठेवतात म्हणून भावाने भांडण काढलं, असं जावई सांगत होता. वेल्डर रजेवर आला की मुद्दाम त्यांना भेटायला जायचा. ते दर खेपेला विचारत, औंदा सिरियाच्या अंगाला जाणं झालं काय? ते वारले त्या वर्षीही विचारलं होतं. त्या शेतात आता कोणी उरलंय का, मलाही माहीत नाही. कोणाला विचारावं तेही माहीत नाही.

मी त्यांच्यानंतर बरीच वर्षं भट्टीवर होतो. हॅमस्टर गेले होते, यायचे ते पांढरे उंदीर आणि ससे. ते तसे निजत नाहीत, मेले की मेलेच, हे व्याह्यांनीच मला सांगितलं होतं. तरी पिशवी आली की मी गोणपाट अंथरायचो आणि त्यांना दोन तास नळाजवळ ठेवायचो. एकही कधी उठला नाही. नवा सुपरवायझर दारातून विचारायचा, अजून का थांबलाय, चिठ्ठी मिळाली ना? मी म्हणायचो, मिळाली साहेब, भट्टी तापायची आहे.